मदतनिसाचे पोट आणि रुग्णाचा हात

या सदरात आपण नेहमी आजारांविषयी, औषधांविषयी आणि पथ्यपाण्याविषयी बोलतो. आजचा विषय मात्र पगाराचा आहे. आरोग्याच्या सदरात पगाराची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. मलाही काही वर्षांपूर्वी हा प्रश्न पडला असता. पण एका रुग्णाचा उजवा हात सुधारता सुधारता अडला, आणि तो अडण्याचे कारण शोधताना मी रुग्णाच्या मेंदूपाशी न थांबता एका मदतनीस बाईच्या किराणा मालाच्या वहीपाशी येऊन पोहोचले. तीच हकीकत आज सांगते.

मालवणात माझे व्यवसायोपचाराचे लहानसे केंद्र आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथे एक आबा आले. सारी हयात मासेमारीत गेलेली, वय पासष्टीच्या पुढे. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता. पाय थोडा चालत होता, बोलणे अडखळत होते. पहिल्या दिवशी आपला हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या कोणाची वस्तू पाहावी तसे त्याकडे पाहत ते म्हणाले, "ताई, हो हात माझो नाय."

तीन महिने गेले. दिवाळीपर्यंत त्याच हाताची बोटे उघडू लागली होती. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत आबा कोकमाचे सुके साल धरीत आणि वाटीत टाकीत. मला वाटले, नारळी पौर्णिमेपर्यंत हा माणूस पुन्हा जाळे दुरुस्त करायला बसेल. पण दिवाळी झाली आणि आमच्या केंद्रातील मदतनीस बाई काम सोडून तारकर्लीला हॉटेलात गेल्या. मार्चमध्ये आबांच्या पत्नी मला म्हणाल्या, "वयनी गेली आणि हेंचो हात पण गेलो."

हे वाक्य मला लागले. कारण ते खरे होते.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकला की अनेकांना वाटते, ही नोकरीधंदा मिळवून देणारी एखादी योजना असावी. तसे नाही. येथे व्यवसाय म्हणजे माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे जे करतो ते सारे. दात घासणे, आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, शौचास जाणे, चूल पेटवणे, शाळेत लिहिणे, जाळे विणणे. आजाराने किंवा अपघाताने ही कामे अडली म्हणजे ती पुन्हा करता यावीत म्हणून दिलेले शास्त्रीय शिक्षण आणि सराव म्हणजे व्यवसायोपचार. भौतिकोपचाराशी त्याचे जवळचे नाते आहे. ढोबळमानाने सांगायचे तर भौतिकोपचार सांध्याला आणि स्नायूला हालचाल व ताकद मिळवून देतो, आणि त्या हालचालीतून सदऱ्याचे बटण लागेल की नाही हे व्यवसायोपचार पाहतो.

आपल्या देशात या शास्त्राचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन. निंबकर घराण्यात लग्न करून त्या भारतात आल्या आणि येथीलच झाल्या. त्यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. पुढे मुंबईत नायर आणि शीव येथे आणि नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण सुरू झाले. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आज त्यांचे नाव चालवते.

आमच्या सिंधुदुर्गात या सेवेची गरज का वाढते आहे हे २०११ च्या जनगणनेवरून कळते. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांच्या वर होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया. याचा अर्थ आपण सारे जाणतो. कर्ती मुले मुंबईला, ठाण्याला, पुण्याला, गोव्याला. घरी म्हातारा, म्हातारी आणि कुलूप लावलेल्या दोन खोल्या. अशा घरात अर्धांगवायू आला की रुग्णाला उठवणार कोण, भरवणार कोण आणि दिवसातून चार वेळा हाताचा सराव करून घेणार कोण?

मदतनीस नेमके काय करतो?

येथे मदतनिसाचे काम सुरू होते. तज्ज्ञ आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा रुग्णाला पाहतो, काय करायचे ते ठरवतो. पण मेंदू नवी वाट शिकतो ती वारंवार केलेल्या कामातून. अर्धांगवायूनंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत बरा असतो. त्यानंतरही सुधारणा होते, पण धीमी. म्हणून या काळात एकच हालचाल, कामाच्या स्वरूपात, शेकडो वेळा व्हावी लागते. ती करून घेणारा मदतनीस म्हणजे त्या काळातले अर्धे औषधच.

आमच्या केंद्रातील बाईंना सगळे 'वयनी' म्हणत. शिक्षण दहावी. पण चार वर्षांत त्यांनी जे आत्मसात केले ते वाचकांनीही समजून घेण्याजोगे आहे.

सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना मात्र चांगला हात आधी बाहेर काढायचा. रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढायचे नाही. स्नायू सैल असल्याने खांद्याचा सांधा खाली सरकतो, आणि मग महिनोन्महिने कळा सुरू होतात. बसवताना हात लोंबकळू द्यायचा नाही, त्याखाली उशी द्यायची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे आणि माकडहाड, टाच, कोपर यांची कातडी रोज पाहायची, म्हणजे शय्याव्रण वेळीच कळतात. जेवताना ताठ बसवायचे, घास लहान द्यायचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

आपल्याकडे लुळ्या हाताला गरम वाळूची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी लावून शेक देण्याची पद्धत आहे. ज्या हाताला स्पर्शच कळत नाही त्याला भाजलेलेही कळत नाही. अशा शेकाने फोड आलेले हात मी पाहिले आहेत. दुसरी आवडती गोष्ट म्हणजे रबरी चेंडू. मुंबईहून येणारा प्रत्येक मुलगा बापासाठी चेंडू घेऊन येतो. पण ज्याची मूठ आधीच घट्ट मिटलेली आहे त्याने चेंडू दाबत राहिल्यास मूठ आणखी घट्ट होण्याची भीती असते. त्याला मूठ उघडण्याचा सराव हवा असतो. चेंडू द्यावा की नाही हे तज्ज्ञाला विचारावे.

वयनींची हातोटी अशी की त्यांनी व्यायामाला घरकामाचे रूप दिले. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केला, म्हणजे सैल पकडीतही तो टिकतो. तांदूळ निवडणे, लसूण सोलणे, सुकी कोकमे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणे, दोरीला गाठ मारणे, अबोलीची वेणी धरून ठेवणे. आबांना व्यायाम म्हटले की कंटाळा यायचा, पण दोरीची गाठ म्हटली की हात आपोआप पुढे यायचा. हे पुस्तकात सापडते, पण कोणत्या माणसाला कोणती गाठ आवडते हे रोज शेजारी बसणाऱ्यालाच कळते.

वयनी का गेल्या?

त्या गेल्या तेव्हा मला राग आला होता, हे कबूल करते. मी म्हटले, "वयनी, आबांचा हात आत्ता कुठे उघडायला लागला आहे." त्या खाली मान घालून म्हणाल्या, "ताई, माका ह्या काम सोडूचा नाय. पण तारकर्लेक हॉटेलवाले तेरा हजार देतत, वर दोन वेळचा जेवाण. चेडवाची फी भरूची आसा. मी काय करू, तुमीच सांगा."

मी त्यांना महिना आठ हजार रुपये देत होते. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच, महिन्याला सव्वीस दिवस.

त्यांच्या जागी आलेली मुलगी तीन आठवड्यांत गेली. दुसरीला नीट शिकवण्याआधीच घरी जाऊन आबांना उठवायचे काम तिच्यावर पडले आणि तिने लुळ्या हाताला धरून त्यांना उठवले. चूक तिची नव्हती, न शिकवता पाठवणारीची होती. आबांचा खांदा दुखू लागला. खांदा दुखतो म्हणून त्यांनी हात हलवणे सोडले, हात हलवला नाही म्हणून बोटे पुन्हा मिटत गेली. मोलाचे पाच महिने असे गेले.

एप्रिल २०२५ मध्ये मी वयनींच्या घरी गेले. रागाने नव्हे, हिशेब समजून घ्यायला. त्यांनी मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत खर्च लिहून ठेवला होता. नवरा, बायको, दोन मुले, मालवणात भाड्याची खोली. महिन्याचा हिशेब असा निघाला: रेशनच्या धान्याशिवाय लागणारा किराणा ४,५०० रुपये, मासे, भाजी, अंडी, दूध ३,०००, खोलीभाडे ३,५००, गॅस आणि वीज १,५००, मुलांची शाळा व शिकवणी २,०००, प्रवास १,०००, औषधपाणी १,०००, कपडे, मोबाईल, सणवार मिळून १,५००. एकूण १८,०००. यात चैन म्हणावी अशी एकही ओळ मला सापडली नाही. मासेही त्या बांगडा आणि तारलीच घेत. सुरमई-पापलेट पर्यटकांच्या ताटासाठी.

मालवणचे लोक हे जाणतात. किल्ला, तारकर्ली, देवबाग, पाण्याखाली बुडी मारण्याचे खेळ यांमुळे गावात पैसा आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पर्यटकाला एका रात्रीसाठी देता येणारी खोली महिन्याच्या भाड्याने कोण देईल? बंदरावरचा चांगला मासा हॉटेलच्या दराने विकला जातो. बाहेरून येणाऱ्याला दोन दिवस महाग पडणारे गाव येथे राहणाऱ्याला बारा महिने महाग पडते. एस. टी.त मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले तो दिलासा मोठा. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले तेव्हा त्यातला थोडा परत गेला.

वयनींचे यजमान बोटीवर खलाशी. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे वाटाही बंद. उरलेल्या दहा महिन्यांत त्यांचे सरासरी एक लाख रुपये घरात येत. माझ्याकडून वयनींना वर्षाला ९६,००० मिळत. दोन्ही मिळून १,९६,०००. वर्षाचा खर्च २,१६,०००. तूट वीस हजारांची. हॉटेलात सात महिने तेरा हजारांप्रमाणे ९१,००० आणि पावसाळ्यात लावणी, कापणी, काजूसोलणी करून सुमारे २७,००० असे १,१८,००० होत होते. म्हणजे बावीस हजार जास्त. वीस हजारांचे भोक बुजवायला बावीस हजारांचे काम त्यांनी धरले. या बाईला मी मनातल्या मनात बेजबाबदार म्हटले होते.

१९५७ ची मोजपट्टी

जगण्यापुरते वेतन किती, हा प्रश्न नवा नाही. १९५७ मध्ये दिल्लीला झालेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्यासाठी मोजपट्टी ठरवून दिली. कमावत्याचे एक, पत्नीचे ०.८ आणि दोन मुलांचे प्रत्येकी ०.६ असे कुटुंबाचे तीन घटक धरायचे. दर प्रौढामागे २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली की मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपणची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत. म्हणजे औषध आणि शाळा या चैनीच्या गोष्टी नाहीत, त्या किमान वेतनाच्याच भाग आहेत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. वयनींची वही या मोजपट्टीला धरूनच होती, आणि त्यांनी ही मोजपट्टी कधी ऐकलेलीही नव्हती.

मग मी आणखी एक गुणाकार केला. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. ३१२ गुणिले २६ म्हणजे ८,११२ रुपये. लुळ्या हाताला पुन्हा चिमूट शिकवणाऱ्या बाईला मी माती उचलण्याच्या मजुरीहून ११२ रुपये कमी देत होते. मातीकामाला कमी लेखायचे नाही, ते कष्टाचे काम आहे. पण मला माझी लाज वाटली. दवाखाने व रुग्णालयांतील कामगारांना राज्याचे किमान वेतन लागू असते आणि त्यातला विशेष भत्ता महागाईनुसार वर्षातून दोनदा बदलतो. मी तो दर कधी तपासलाच नव्हता. "आपले छोटेसे केंद्र, आपल्याला कोण विचारतो," अशी माझी समजूत होती. अशी समजूत असणारी मी एकटी नसावे.

कायद्यात जागा कोठे?

या कामाला आपल्याकडे धड नावही नाही. कोणी आया म्हणते, कोणी मावशी, कोणी केअरटेकर. अमेरिकेत या क्षेत्रात तीन पायऱ्या आहेत: तज्ज्ञ, पदविकाधारक साहाय्यक आणि त्याखाली मदतनीस. सरकार प्रत्येक पायरीच्या वेतनाचे आकडे वेगळे छापते. तेथेही मदतनिसाचे वेतन साहाय्यकाच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त असते, म्हणजे रडगाणे तेथेही आहे. पण निदान मोजदाद होते.

महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ मध्ये झाला. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तो स्वागतार्हच आहे. मात्र त्यातील सर्वांत खालच्या पायरीलाही किमान २,००० तासांचे शिक्षण आणि पदविका किंवा पदवी लागते. वयनींसारखी हाताखाली शिकलेली बाई त्या चौकटीत बसत नाही. कौशल्य विकासाखाली घरगुती रुग्णसेवेचे छोटे अभ्यासक्रम आहेत. त्यांतून प्रमाणपत्र मिळू शकते. पण प्रमाणपत्राने पगार आपोआप वाढत नाही. तो वाढवणारे आपण, म्हणजे दवाखानेवाले आणि रुग्णांची घरे.

चाळीस रुपयांचा प्रश्न

"मला परवडत नाही," हे माझे उत्तर तयार होते. म्हणून वयनींची वही मिटली आणि माझी उघडली. दिवसाला सहा रुग्णभेटी, महिन्याला १५६. भेटीमागे ३०० रुपये. त्यांतल्या सुमारे ३० भेटींचे पैसे येत नाहीत, आणि ते मागावेत अशी त्या घरांची परिस्थितीही नसते. उरलेल्या १२६ भेटींचे ३७,८००. त्यातून जागेचे भाडे ७,०००, वीज, पेट्रोल व साहित्य ५,५०० आणि वयनींचे ८,०००. माझ्या हाती १७,३००. श्रीमंती येथेही नाही.

पण भेटीमागे चाळीस रुपये वाढवले तर? १२६ भेटींचे ५,०४० होतात. वरचे ९६० मी घालायचे ठरवले आणि वयनींचा पगार चौदा हजार करायचा असे ठरले.

खरी परीक्षा घरच्या माणसांना सांगण्याची होती. आबांचा मुलगा डोंबिवलीला असतो. फोनवर तो म्हणाला, "मॅडम, एमआरआयला खर्च केला, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवले, आता पुन्हा वाढ?" मी त्याला शांतपणे विचारले, "एमआरआयने हात हलला का?" एमआरआय निरुपयोगी असतो असे मला म्हणायचे नव्हते. निदानासाठी तो हवाच. पण निदानावर हजारो रुपये एका दिवसात खर्च करणारे आपण, रोजच्या सरावासाठी चाळीस रुपये देताना घासाघीस करतो. यंत्राची किंमत आपण विचारत नाही आणि माणसाच्या पगाराची मात्र करतो. मुलाने दुसऱ्या दिवशी फोन केला. आबांचे तो देईलच, आणि शेजारच्या एका न परवडणाऱ्या म्हातारीचेही महिन्याचे पैसे पाठवीन म्हणाला. चाकरमान्यांना दोष देणे सोपे असते. त्यांना हिशेब समजावून सांगितला तर ऐकणारेही पुष्कळ असतात.

दोन घरांनी मात्र येणे बंद केले. तेही येथे नोंदवते.

मदतनीस ठेवणाऱ्या घरांसाठी

ज्यांच्या घरी रुग्ण आहे आणि ज्यांनी बाई किंवा मुलगा कामाला ठेवला आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी.

पगार ठरवताना शेजारच्या घरी किती देतात एवढेच न विचारता, त्या माणसाचे घर महिन्याला कितीत चालते हेही विचारावे. शासनाचा चालू किमान दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कळतो. त्याखाली जाऊ नये. कामाचे तास आणि आठवड्याची सुटी आधीच कागदावर लिहावी. रुग्णाला चार दिवस मुंबईला नेले म्हणून मदतनिसाचा चार दिवसांचा पगार कापू नये. त्याचे पोट आपल्या प्रवासाबरोबर बंद होत नाही. जून-जुलैत कोळी घरांत ओढाताण असते, त्या काळात पगार एक तारखेलाच द्यावा.

नव्या माणसाला रुग्णाला हात लावण्याआधी किमान आठवडाभर जाणत्याच्या सोबत ठेवावे. उचलताना मदतनिसाचीही कंबर जाते. गुडघे वाकवून, रुग्णाला अंगाजवळ धरून उठवण्याची पद्धत शिकवावी.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला तो घेता येतो. हे वीस रुपये मालकाने भरावेत, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणीही करून द्यावी. जेथे दहा किंवा वीस माणसे कामाला आहेत अशा मोठ्या संस्थांना राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधीचे नियम पाहावे लागतात, त्यांनी ते टाळू नयेत.

आणि सर्वांत आधीची गोष्ट. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात वर उचलता येईना, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली तरी अंगारा, मालीश, उद्या बघू असे काहीही न करता १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मालवणहून मोठ्या रुग्णालयात पोहोचायलाच वेळ जातो, म्हणून घड्याळ पाहून ठेवावे आणि लक्षण कधी सुरू झाले ती वेळ डॉक्टरांना सांगावी.

हिशेबाची अखेर

वयनी जून २०२५ मध्ये परत आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आबांच्या खांद्याला आधार देऊन हात उशीवर ठेवला आणि दोरीचा तुकडा समोर टाकला. आबा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोरी उचलली.

आज आबांची चिमूट बरीचशी परत आली आहे. डाव्या हाताने जाळे ताणून उजव्याने ते गाठ मारतात, वेळ लागतो, पण गाठ बसते. खांदा मात्र पूर्वीसारखा वर जात नाही, आणि तो पूर्ण जाईल असे मी त्यांना सांगत नाही. ते पाच महिने हातचे गेले ते गेलेच. त्यांची किंमत काढायला बसले तर महिन्याला सहा हजारांची वाढ मी वेळेवर दिली नाही, एवढीच निघते.

वयनींनी पतसंस्थेचे कर्ज फेडायला घेतले आहे. मुलगी अकरावीला गेली. या नोव्हेंबरात तारकर्लीहून पुन्हा निरोप आला होता. त्यांनी तो मला सांगितला, आणि सांगून झाल्यावर आबांच्या चमच्याची फाटलेली ट्यूब बदलायला बसल्या.